दाब पोलादाचा, भिस्त मिठावर : अर्ध्या इंची पिस्टन-सिलिंडर यंत्राचे परीक्षण

पृथ्वीच्या प्रावरणातला खडक कोणत्या खोलीवर किती तापमानाला वितळू लागतो आणि त्यातून सुटणाऱ्या शिलारसाचे रासायनिक घटन काय असते, हे प्रयोगाने ठरवायचे झाले, तर आजही बहुतेकांना सर्वप्रथम पिस्टन-सिलिंडर यंत्राकडेच वळावे लागते. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असलेले असे एक यंत्र आमच्या प्रयोगशाळेत सहा वर्षांपासून वापरात आहे आणि त्यावरचे चारशेहून अधिक प्रयोग मी स्वतः केलेले किंवा जवळून पाहिलेले आहेत. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारलेले आहे. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण या यंत्राची मूळ रचना सर्वत्र जवळपास सारखीच असते आणि पुढे ज्या गुणदोषांविषयी लिहिणार आहे, ते बहुतांशी त्या रचनेचेच आहेत.

ही रचना फ्रान्सिस बॉइड आणि जोसेफ इंग्लंड यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि १९६० साली प्रसिद्ध केली. ५ गिगापास्कलपर्यंतचा दाब (१ गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) आणि १७५० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान एकाच वेळी, तासन्‌तास स्थिर ठेवता येईल असा त्यांचा दावा होता. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, नियंत्रक संगणकीय झाले, तेलाचे पंप आपोआप चालू-बंद होऊ लागले. मात्र त्या दोघांना आजचे यंत्र दाखवले असते, तर ते ओळखायला त्यांना फारसा वेळ लागला नसता.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. खाली तेलदाबावर चालणारा मोठा रॅम, म्हणजे दट्ट्या, असतो. तो टंगस्टन कार्बाइडचा एक लहान पिस्टन वर ढकलतो. हा पिस्टन दाबपात्राच्या छिद्रात शिरून आतली जुळणी, म्हणजे नमुना आणि त्याभोवतीच्या नळ्या व भट्टी, चेपतो. रॅमचा व्यास १०० मिलिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ पिस्टनच्या सुमारे ६२ पट भरते. म्हणजे नमुन्यावर २ गिगापास्कल दाब आणण्यासाठी तेलाचा दाब केवळ ३२ मेगापास्कलच्या आसपास लागतो. त्या क्षणी बोटाएवढ्या पिस्टनवर जवळजवळ २६ टनांचा भार असतो. टंगस्टन कार्बाइड चेपले जाणे उत्तम सोसते, ताणले जाणे मात्र मुळीच सोसत नाही. म्हणून दाबपात्राच्या कार्बाइडच्या गाभ्याभोवती पोलादी कडी इतकी घट्ट बसवलेली असतात की गाभा आधीपासूनच आवळलेला राहावा. शिवाय वरून आणखी एक रॅम संपूर्ण पात्राला उभ्या दिशेने दाबून धरतो. हा वरचा रॅम ज्या यंत्रात नसतो, ते यंत्र जास्त दाबाच्या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोलादाच्या या बाजूबद्दल माझी फारशी तक्रार नाही. सहा वर्षांत रॅमच्या सीलमधून दोनदा तेल झिरपले, एकदा पंपाचा झडपदांडा अडकला. या सगळ्या दुरुस्त्या आम्ही स्वतःच करू शकलो. गाभे मात्र तडकतात. एका गाभ्याने शंभराहून अधिक प्रयोग सोसले, तर दुसरा पहिल्याच आठवड्यात बंदुकीच्या बारासारखा आवाज करून उभा चिरला. तडा गेलेला गाभा कधी कधी कमी दाबाला तग धरतो आणि तो वापरत राहण्याचा मोह होतो. परंतु तड्यात जुळणीचा मऊ भाग घुसू लागला की दाब स्थिर राहत नाही आणि मग तीन दिवसांच्या प्रयोगावर पाणी सोडावे लागते.

यंत्राची खरी परीक्षा होते ती छिद्राच्या आत. तिथे वस्तू असतात त्या मीठ, काच, ग्रॅफाइट आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या, दर प्रयोगानंतर फेकून द्यायच्या. बाहेरून आत येताना प्रथम दाबून घट्ट केलेल्या मिठाची नळी, तिच्या आत पायरेक्स काचेची नळी, मग ग्रॅफाइटची नळीरूप भट्टी, त्यात सच्छिद्र मॅग्नेशियम ऑक्साइडच्या कांड्या आणि या सर्वांच्या मधोमध, भट्टीच्या सर्वाधिक तापणाऱ्या भागात, नमुन्याची कुपी. काही व्होल्ट आणि काही शे अँपिअर इतका वीजप्रवाह ग्रॅफाइटमधून गेला की आतला भाग १३००-१४०० अंशांवर तापतो, आणि त्याच वेळी काही मिलिमीटरवरचा कार्बाइड, बाहेरून फिरणाऱ्या थंड पाण्यामुळे, त्या मानाने फारच कमी तापतो. एवढ्या लहान अंतरातला हा फरक सांभाळणे, दाब सर्व बाजूंनी सारखा पोहोचवणे आणि कुपी सरळ उभी ठेवणे, ही सारी कामे या स्वस्त वस्तूंची आहेत. खरेदीच्या वेळी सगळे लक्ष पोलादाकडे जाते. आकडा बरोबर येणार की चूक, हे ठरते मिठाच्या नळीत.

याचे कारण घर्षण. गेजवर जो दाब दिसतो तो तेलाचा असतो आणि क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने गुणून जो आकडा मिळतो तो नाममात्र दाब. पिस्टन आणि जुळणी छिद्राच्या भिंतीला घासत पुढे सरकत असल्यामुळे त्यातला काही भाग वाटेतच खर्ची पडतो. मिठाऐवजी टाल्क (शंखजिरे हे मऊ खनिज) आणि पायरेक्स वापरलेल्या जुळणीत ही तूट दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक भरू शकते. मिठाच्या जुळणीत ती अगदी थोडी असते, कारण तापलेले मीठ दाबाखाली जवळजवळ द्रवासारखे वागते. वरच्या प्रावरणात १ गिगापास्कल म्हणजे ढोबळमानाने ३० किलोमीटर खोली. त्यामुळे २ गिगापास्कलच्या प्रयोगात दहा टक्क्यांची चूक राहिली, तर आपण ज्या खोलीवरचा शिलारस म्हणून निष्कर्ष मांडतो ती खोली सहा किलोमीटरने चुकते. शिवाय पिस्टन आत जाताना थांबला की बाहेर येताना थांबला, यावर घर्षणाची दिशा ठरते. म्हणून प्रबंधात केवळ ‘दाब २ गिगापास्कल’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते वाक्य अर्धवट समजावे.

यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत घर्षणाची दुरुस्ती म्हणून एकच ठरावीक आकडा दिला होता. तो आम्ही वापरला नाही आणि कोणी वापरू नये. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या जुळणीचे अंशन, म्हणजे नाममात्र दाब खऱ्या दाबाशी ताडून पाहणे, स्वतः करावे. त्यासाठी खोलीच्या तापमानाला बिस्मथ या धातूच्या स्फटिकरचनेचे २.५५ गिगापास्कलला होणारे रूपांतर आहे. परंतु थंड जुळणीचे घर्षण तापलेल्या जुळणीला लागू पडत नाही, म्हणून आमचा भर क्वार्ट्झ आणि त्याचेच अधिक दाबाला होणारे रूप कोएसाइट यांच्या सीमेवर राहिला. १००० अंशांना ही सीमा सुमारे २.९ ते ३ गिगापास्कलच्या दरम्यान येते. वेगवेगळ्या नाममात्र दाबांना प्रयोग करून कुपीत कोणते खनिज मिळते ते पाहत गेले की दुरुस्ती किती हवी ते कळते. (कोएसाइट हे खनिज लोरिंग कोएस यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार केले आणि १९६० साली ते अशनीपाताच्या विवरात निसर्गतःही सापडले. आधी यंत्रात आणि मग जमिनीवर, असा उलटा प्रवास खनिजांच्या वाट्याला क्वचित येतो.) आमच्या मिठाच्या जुळणीला या कसोटीवर जवळजवळ दुरुस्ती लागली नाही; दुसरीकडून तयार मागवलेल्या टाल्कच्या जुळणीला मात्र चांगलीच लागली.

मिठाचे दुखणे वेगळे आहे. ते हवेतली आर्द्रता ओढून घेते. पावसाळी हवेत एक दिवस उघड्यावर राहिलेल्या नळ्या वापरल्या, तर तापवताना सुटणारी वाफ थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) खराब करते आणि कधी जुळणीच एका बाजूला सरकवते. आता आमच्या सगळ्या नळ्या ११० अंशांच्या कपाटात राहतात, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या कांड्या वापरण्यापूर्वी १००० अंशांवर भाजल्या जातात. टाल्कची अडचण याहून मोठी आहे : त्याच्या स्फटिकातच पाणी आहे आणि तापवल्यावर ते बाहेर पडते. त्यातला हायड्रोजन प्लॅटिनममधून सहज आरपार जातो, आणि ज्याला आपण कोरडा प्रयोग म्हणतो तो कोरडा राहत नाही. मिठाचा एक फायदा मात्र नव्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रयोग संपल्यावर जुळणी पाण्यात टाकली की मीठ विरघळून जाते आणि कुपी हाती येते. टाल्कमधून तीच कुपी करवतीने आणि धीराने काढावी लागते.

तापमानाबद्दल हे यंत्र समाधान देते, परंतु पूर्ण भरवसा देत नाही. नियंत्रक एका अंशाच्या आत तापमान धरून ठेवतो, हे खरे. पण तो तापमान धरतो ते थर्मोकपलच्या टोकाचे. कुपी त्या टोकापासून एक-दोन मिलिमीटर खाली असते आणि अर्ध्या इंची जुळणीत एवढ्या अंतरातही तापमान दहा-वीस अंशांनी बदलू शकते. हा फरक मोजण्याची एक देखणी रीत ब्रूस वॉटसन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवली : मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड जिथे एकमेकांना भिडतात तिथे स्पिनेल या खनिजाचा थर वाढतो आणि त्याची जाडी तापमान, दाब व वेळ यांवर अवलंबून असते, म्हणून प्रयोगानंतर थराची जाडी ठिकठिकाणी मोजली की भट्टीच्या आतला तापमानाचा नकाशाच हाती येतो. आम्ही ही रीत वापरली तेव्हा एका पुरवठादाराकडून आलेल्या ग्रॅफाइट नळ्यांची भिंत एका बाजूला पातळ असल्याचे उघड झाले. वर्षभरातले अकरा प्रयोग त्यामुळे बाद करावे लागले. पुरवठादाराने नळ्या बदलून दिल्या, वर्ष परत दिले नाही.

आता कुपीकडे. प्रावरणाच्या प्रयोगांत कुपी कोणत्या धातूची घ्यावी याचे सर्वांना चालेल असे उत्तर नाही आणि नवखे विद्यार्थी सर्वाधिक फसतात ते इथेच. प्लॅटिनम उच्च तापमान सोसते, पण खडकातले लोह शोषून घेते. दीर्घ प्रयोगात लोहाचा मोठा वाटा कुपीच्या भिंतीत जातो, मागे उरलेल्या खनिजांत मॅग्नेशियमचे प्रमाण वाढते आणि आपण ज्या खडकाचा अभ्यास करायला निघालो होतो तो खडकच कुपीत उरत नाही. सोने लोहाला फारसे हात लावत नाही, पण हवेच्या दाबाला १०६४ अंशांनाच वितळते. दाबाने हा बिंदू चढतो, तरी कोरड्या पेरिडोटाइटसाठी, म्हणजे वरच्या प्रावरणातल्या मुख्य खडकासाठी, तो अपुराच पडतो. सोने-पॅलेडियमचे मिश्रण मधला मार्ग देते. कोरड्या प्रयोगांसाठी आम्ही बहुतेक वेळा आत ग्रॅफाइटची आणि बाहेर प्लॅटिनमची अशी दुहेरी कुपी वापरतो. तिच्यात लोह सुरक्षित राहते, परंतु कार्बनच्या सान्निध्यामुळे वातावरण क्षपणकारी (ऑक्सिजन कमी असलेले) राहते आणि शिलारसात थोडे कार्बोनेटही विरघळते. निसर्गातल्या ज्या शिलारसात फेरिक, म्हणजे अधिक ऑक्सिडीभूत, लोह पुष्कळ आहे, त्याच्यासाठी ही कुपी योग्य नव्हे.

या सर्व खटाटोपातून काय हाती येते, हे सांगण्यासाठी साध्या पेरिडोटाइटचेच उदाहरण घेतो. आंशिक वितळणाच्या अभ्यासात केएलबी-१ हा किलबर्न होल या ज्वालामुखी विवरातून आलेला पेरिडोटाइट जगभर वापरला जातो. अशा खडकाचे कोरडे वितळण १.५ गिगापास्कलला साधारण १३०० अंशांच्या आसपास आणि ३ गिगापास्कलला साधारण १४७० अंशांच्या आसपास सुरू होते. सुरुवातीचा शिलारस एक-दोन टक्केच असतो आणि तो खनिजकणांच्या कोपऱ्यांत इतक्या पातळ धाग्यांनी पसरलेला असतो की घटन मोजणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या यंत्राचा किरण त्यात मावत नाही. शिवाय वीज तोडली की काही सेकंदांत नमुना थंड होत असला, तरी त्या काही सेकंदांतही कडेच्या ऑलिविन या खनिजावर नवे स्फटिक चढतात आणि उरलेल्या काचेचे घटन बदलते. यावर उपाय म्हणून केई हिरोसे आणि इकुओ कुशिरो यांनी १९९३ साली नमुन्यामध्ये बारीक हिऱ्यांचा थर ठेवला. शिलारस झिरपून हिऱ्यांमधल्या फटींत साठतो, खनिजांपासून दूर राहतो आणि काच म्हणून गोठतो. १.५ गिगापास्कलला हिरा हा कार्बनचा स्थिर प्रकार नव्हे, पण प्रयोगाच्या काळापुरता तो टिकतो. आम्हीही हा थर वापरतो. त्यात एक पथ्य आहे : फटी सुरुवातीला रिकाम्या असल्याने त्यांतला दाब कमी असतो आणि घाईने संपवलेल्या प्रयोगात शिलारसाचा खनिजांशी समतोल साधला जात नाही. दोन दिवसांपेक्षा कमी चाललेल्या अशा प्रयोगांवर मी स्वतः विश्वास ठेवत नाही.

पाणी घातले की अडचणी वाढतात आणि मतभेदही. पाण्याने संपृक्त पेरिडोटाइट ३ गिगापास्कलच्या आसपास नेमका किती तापमानाला वितळू लागतो, यावर टिमथी ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ८०० अंशांच्या आसपासचा आकडा दिला. डेव्हिड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली तो १००० अंशांच्या वर असल्याचे मांडले. दोनशे अंशांचा हा फरक यंत्राच्या दोषाचा नाही. कुपीत पाणी किती, प्रयोग किती वेळ, आणि थंड झाल्यावर दिसणारा काचसदृश पदार्थ हा शिलारस की खनिजे विरघळवलेल्या पाण्यातून मागे राहिलेला गाळ, हा खरा वाद आहे. समुद्रतळाची शिला जिथे खाली सरकते तिथल्या ज्वालामुखींचा शिलारस कोठे जन्मतो, हे या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे खरेदीदाराने यंत्रासोबत कुपी अचूक वितळजोड करणारे साधन आणि पाण्याचे वजन मिलिग्रॅमच्या शतांशापर्यंत दाखवणारा तराजू यांचाही विचार आधीच करावा. जोड नीट बसला नाही की पाणी निघून जाते, आणि ते निघून गेल्याचे प्रयोग संपल्यावर वजन करूनच कळते.

यंत्राच्या मर्यादेबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. आमच्या अर्ध्या इंची यंत्रावर ३ गिगापास्कलपर्यंत निश्चिंत काम होते, ३.५ ला काळजी वाटते आणि ४ ला गाभ्याचा निरोप घेऊनच बसावे लागते. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली बेसॉल्ट तयार होण्याची खोली, स्पिनेलच्या जागी गार्नेट येण्याची सीमा, खंडीय कवचाच्या तळाशी होणारे वितळण, हे सगळे या टप्प्यात बसते. म्हणूनच यंत्र जुने होत नाही. परंतु १००० अंशांना हिरा स्थिर व्हायला सुमारे ४.४ गिगापास्कल लागतात, म्हणजे हे यंत्र हिऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन थांबते. ऑलिविनचे वॉड्‌स्लेआइट या अधिक घन खनिजात रूपांतर होते ती ४१० किलोमीटर खोलीवरची सीमा १३-१४ गिगापास्कलवर आहे. तिथे नाओतो कावाई आणि शोइची एन्दो यांनी १९७० साली मांडलेले बहु-ऐरण यंत्रच हवे, ज्यात कोपरे कापलेले आठ कार्बाइडचे घन मिळून एक अष्टफलक चेपतात. खालच्या प्रावरणाच्या तळाशी, १३५ गिगापास्कलच्या परिसरात, दोन हिऱ्यांच्या टोकांत नमुना चेपणाऱ्या हिरा-ऐरणीखेरीज व्यवहारात पर्याय नाही. मात्र तिथे नमुना केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून लहान असतो. आमच्या कुपीत दहा-पंधरा मिलिग्रॅम खडक मावतो आणि त्याचा छेद पॉलिश करून निवांत पाहता येते. शिलारसाचे घटन मोजणाऱ्याला या ऐसपैसपणाची किंमत कळते.

पाऊण इंची पात्र घ्यावे का, असे अनेक जण विचारतात. त्याच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असल्याने कुपी मोठी मावते आणि तापमानाचा उतार सौम्य होतो, पण त्याच रॅमवर गाठता येणारा दाब त्याच प्रमाणात घटतो. २ गिगापास्कलच्या आतच काम असेल तर ते अधिक सोयीचे. आमचे काम त्यापुढे जाते, म्हणून आम्ही अर्धा इंच घेतला आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

सुरक्षेच्या बाबतीत उत्पादकाने एक गोष्ट हलगर्जीपणे केली आहे. पाण्याचा प्रवाह थांबल्यास वीज आपोआप तोडणारा खटका आमच्या यंत्रात दाबावर चालणारा होता, प्रवाहावर नव्हे. एका रात्री नळीत गाळ अडकला. पाण्याचा दाब कायम राहिला, प्रवाह थांबला, आणि सकाळी पात्राची वरची चकती निळसर झालेली आढळली. गाभा वाचला, प्रयोग गेला. प्रवाहमापक खटका आम्ही नंतर स्वतः बसवला.

पुन्हा मागणी नोंदवण्याची वेळ आली तर मी हेच यंत्र मागवीन. मागणीपत्रात मात्र तीन सुटे गाभे, प्रवाहमापक खटका, मिठाच्या नळ्या दाबण्याचे स्वतःचे साचे आणि त्या वाळवण्याचे कपाट यांचा उल्लेख पहिल्याच पानावर करीन. संगणकीय पडदा, रंगीत आलेख आणि दूरनियंत्रण यांसाठी जी जादा रक्कम मोजली गेली, ती या वेळी पहिल्या पानावरच्या या वस्तूंतच घालीन.